विश्लेषण : फुटाळ्याचे कारंजे न्यायालयात का अडकले?

नागपूरच्या फुटाळा तलावात संगीतावर नाचणाऱ्या कारंज्याचे चाचणी प्रयोग २०२२ मध्ये झाले. बघायला गर्दी लोटली. पुढे मात्र वाद न्यायालयात गेला.

वाद कशाचा?

दुबई आणि लास वेगासची प्रसिद्ध कारंजी त्यासाठीच नव्याने केलेल्या तळ्यांत आहेत. फुटाळा मात्र भोसलेकालीन तलाव. १७९९ मध्ये सिंचनासाठी बांधलेला. तो ‘पाणथळ’ असल्याने २०१७ च्या पाणथळ नियमांनुसार तेथे पक्के बांधकाम चालणार नाही, असा आक्षेप होता.

निकाल काय?

सिंचनासाठी बांधलेले तलाव या नियमांतून वगळले आहेत. त्यामुळे फुटाळा कायद्याच्या व्याख्येत पाणथळ ठरत नाही, असे सांगत सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा निर्णय कायम ठेवला.

मग तलावात काहीही उभारता येईल?

नाही. सार्वजनिक विश्वस्ततेचे तत्त्व मानवनिर्मित जलाशयांनाही लागू होते, हे न्यायालयाने स्पष्ट केले. म्हणजे तलाव जनतेचा, सरकार केवळ विश्वस्त. कारंजे सुरू झाले, तरी तलावाचे पाणी आणि त्यातले जीव जपण्याची जबाबदारी संपत नाही.