बर्फात गाडी अडकली तर? मनालीला निघण्याआधी डिकीत काय हवे, काय टाळावे. जाणून घ्या सविस्तर

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पुणे, मुंबई, नाशिकहून स्वतःच्या गाडीने मनाली, सिमला किंवा काश्मीर गाठणाऱ्यांची संख्या वाढली आहे. अटल बोगदा ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झाला आणि लाहौलचा बर्फ हिवाळ्यातही गाडीच्या टप्प्यात आला. मात्र ९ किलोमीटरचा हा बोगदा समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटरहून अधिक उंचीवर आहे. तिथे हवामान तासाभरात पालटते. डिसेंबर २०२४ मध्ये बर्फवृष्टी सुरू होताच सोलंग ते अटल बोगदा या पट्ट्यात सुमारे हजार वाहने अडकली होती. पर्यटकांना बाहेर काढण्यासाठी पोलिसांना रात्रभर राबावे लागले.

अशा वेळी मदत पोहोचायला सहा ते आठ तास सहज लागतात. तोपर्यंतचा आधार म्हणजे डिकीतले सामान आणि ते कसे वापरायचे याची माहिती.

खरा धोका थंडीचा की आणखी कशाचा?

जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातील मरी या थंड हवेच्या ठिकाणी एका रात्रीत प्रचंड बर्फ पडला. हजारो गाड्या रस्त्यातच अडकल्या आणि किमान २२ जणांचा गाडीत बसल्या जागी मृत्यू झाला. यातील अनेकांचा जीव केवळ थंडीने नव्हे, तर गाडीत साचलेल्या कार्बन मोनॉक्साइडमुळे गेल्याचे तेव्हा सांगण्यात आले.

हे कसे घडते? इंजिन आणि हीटर सुरू ठेवून लोक काचा घट्ट बंद करतात. बाहेर बर्फ साचत जातो आणि सायलेन्सरचे तोंड बुजते. धूर मागे न जाता गाडीखाली साचतो आणि फटींतून आत शिरतो. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो ना वास. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोके दुखणे, गरगरणे, मळमळ ही सुरुवातीची लक्षणे उंचीवरच्या त्रासासारखीच असल्याने ती लक्षात येत नाहीत. झोपेत तर कळतही नाही.

गाडी अडकली, आता हीटर लावायचा की नाही?

लावायचा, पण थांबून थांबून.

- इंजिन सुरू करण्याआधी खाली उतरून सायलेन्सरभोवतीचा बर्फ काढा. दर वेळी.
- तासाला साधारण १० मिनिटेच इंजिन चालवा.
- त्या वेळी वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची एक काच बोटभर खाली ठेवा.
- गाडीतले सगळे एकाच वेळी झोपू नका. पाळी लावा.
- शेगडी, कोळसा किंवा गॅसचा छोटा स्टोव्ह गाडीत पेटवू नका.

कार उभी असताना इंजिन तासाला साधारण पाऊण ते एक लिटर इंधन खाते. तासाला १० मिनिटे याप्रमाणे आठ तासांत सव्वा-दीड लिटरच्या आत काम भागते. इंजिन अखंड सुरू ठेवले तर तेवढ्याच वेळात सहा ते आठ लिटर जातात. म्हणून घाटात शिरताना टाकी अर्ध्याच्या खाली नको. ईव्हीमध्ये धुराचा प्रश्न नाही. मात्र थंडीत रेंज घटते आणि हीटरही बॅटरीवरच चालतो. त्यामुळे चार्जिंग भरपूर हवे.

डिकीत काय हवे?

*ऊब आणि खाणे*

- माणशी एक ब्लँकेट किंवा घोंगडी, कानटोपी, हातमोजे, मोज्यांचा कोरडा जोड
- माणशी किमान दोन लिटर पाणी (बाटली काठोकाठ भरू नका, गोठताना पाणी फुगते)
- शेंगदाण्याची चिक्की, खजूर, राजगिऱ्याचे लाडू, सुका मेवा
- थर्मासमध्ये गरम पाणी. लहान मूल असेल तर दूध पावडर आणि डायपर
- रोजची औषधे आणि प्रथमोपचार पेटी

मद्याने ऊब येते हा गैरसमज आहे. त्याने त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि शरीरातील उष्णता उलट लवकर निघून जाते.

*गाडीसाठी*

- टायरच्या मापाच्या स्नो चेन
- छोटे फावडे आणि काचेवरचा बर्फ खरवडायला प्लॅस्टिकची पट्टी
- चार-पाच किलो वाळूची पिशवी किंवा दोन गोणपाट
- जंपर केबल, टोचनाची दोरी, हवा भरलेली स्टेपनी, जॅक आणि पाना
- टॉर्च, चार्ज केलेली पॉवर बँक, रिफ्लेक्टरचा त्रिकोण, चमकणारे जाकीट

हे सगळे डिकीच्या तळाशी, बॅगांखाली दाबून ठेवले तर उपयोग नाही. ब्लँकेट, खाणे, टॉर्च आणि फावडे मागच्या सीटवर किंवा पायाशी ठेवा. डिकीचे झाकण गोठून उघडलेच नाही, असेही होते.

महाराष्ट्रातील गाडीला वेगळे काय लागते?

आपल्याकडची गाडी उन्हाळ्याच्या हिशेबाने तयार असते. निघण्यापूर्वी या पाच गोष्टी तपासा.

१. कूलंट : रेडिएटरमध्ये नुसते पाणी टाकण्याची सवय इथे अनेकांना आहे. पाणी गोठताना सुमारे ९ टक्क्यांनी फुगते. रात्री ते इंजिनमध्ये गोठले तर ब्लॉकला तडा जाऊ शकतो आणि सहलीपेक्षा दुरुस्तीचा खर्च मोठा होतो. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर यांचे निम्मे-निम्मे मिश्रण साधारण उणे ३५ अंशांपर्यंत टिकते.

२. बॅटरी : शून्य अंशाच्या आसपास बॅटरीची ताकद सुमारे एक तृतीयांशाने घटते. त्यात थंडीने ऑइल घट्ट झाल्याने इंजिन फिरवायला जोर जास्त लागतो. पुण्यात एका सेल्फमध्ये सुरू होणारी जुनी बॅटरी मनालीत सकाळी दगा देते ती यामुळेच.

३. डिझेल : कडाक्याच्या थंडीत डिझेलमधील मेण घट्ट होते आणि फिल्टर तुंबतो. लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे खास हिवाळी डिझेल २०१९ मध्ये आणावे लागले ते याच कारणाने. सखल भागात भरलेल्या डिझेलवर वर जाऊ नका, टाकी डोंगराळ भागातील पंपावर भरा.

४. टायर : तापमान साडेपाच अंशांनी उतरले की टायरमधील हवा साधारण १ पीएसआयने कमी होते. मुक्कामी पोहोचल्यावर सकाळी, टायर थंड असताना हवा तपासा.

५. काच धुण्याचे पाणी : साधे पाणी नळीतच गोठते. न गोठणारे वॉशर लिक्विड भरा.

स्नो चेन कोणत्या चाकांना?

इंजिनची ताकद ज्या चाकांना मिळते, त्यांना. आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅक आणि छोट्या एसयूव्हींमध्ये ती पुढची चाके असतात. खात्री नसेल तर गाडीचे मॅन्युअल पाहा. काही गाड्यांत चाक आणि कमान यांत जागा कमी असल्याने चेन लावायला कंपनीच मनाई करते. चेन लावल्यावर वेग ताशी ३० ते ४० किलोमीटरच्या पुढे नको आणि कोरडा रस्ता लागताच ती काढायची. घरी पार्किंगमध्ये एकदा लावून पाहा. बधिर झालेल्या बोटांनी, अंधारात ती पहिल्यांदा लावणे अवघड असते.

चाक जागेवर फिरत असेल तर ॲक्सिलरेटर दाबू नका. चाकाखालचा बर्फ आणखी गुळगुळीत होतो. समोर वाळू टाका किंवा गोणपाट, नाहीतर पायाशी असलेल्या रबरी मॅट सरकवा. मग दुसऱ्या गिअरमध्ये हळूच काढा. रात्री गाडी उभी करताना हँडब्रेकची केबल गोठू शकते. सपाट जागी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावलेला बरा.

वाटेतल्या धुक्याचे काय?

बर्फाआधी उत्तरेच्या मैदानातील धुके गाठते. दृश्यमानता ५० मीटरच्या खाली जाणे तिथे डिसेंबर-जानेवारीत नवे नाही. लो बीम आणि फॉग लॅम्प वापरा. हाय बीमचा प्रकाश धुक्यावर आपटून डोळ्यांवर येतो. गाडी बंद पडली तर ती डावीकडे घ्या, हॅझर्ड लाइट लावा आणि सगळ्यांना रेलिंगपलीकडे न्या. मागून येणाऱ्या गाडीची धडक हा धुक्यातील सर्वांत मोठा धोका आहे.

अडकल्यावर पायी निघावे का?

नाही. समोर दिवे दिसत नसतील तर गाडी सोडू नका. बर्फात अंतराचा अंदाज चुकतो आणि शोधपथकाला माणसापेक्षा गाडी लवकर सापडते. आणीबाणीसाठी ११२ आणि राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हे क्रमांक आहेत. काश्मीर-लडाखला जाताना पोस्टपेड सिम जवळ ठेवा. इतर राज्यांतील प्रीपेड सिम तिथे चालत नाही. लोकेशन घरी पाठवून ठेवा आणि फोनची बॅटरी रील बनवण्यात घालवू नका.

आणि सर्वांत स्वस्त तयारी म्हणजे सकाळी हवामान खात्याचा इशारा पाहणे. बर्फवृष्टीचा इशारा असेल आणि पोलिस पुढे सोडत नसतील तर वाद न घालता माघारी फिरा. पुण्याहून जवळपास दोन हजार किलोमीटर आल्यावर शेवटचे २० किलोमीटर सोडून देणे जिवावर येते. पण दरवर्षी गाड्या अडकतात त्या याच शेवटच्या टप्प्यात.