खोलीऐवजी कप्पा

एकावर एक रचलेल्या, एकेका माणसापुरत्या कप्प्यांचे कॅप्सूल हॉटेल १९७९ साली जपानमध्ये ओसाका शहराच्या उमेदा भागात पहिल्यांदा सुरू झाले. शेवटची लोकल चुकलेले नोकरदार तिथल्या एका सॉना बाथमध्ये रात्र काढत. त्यांची धड सोय करण्यासाठी वास्तुविशारद किशो कुरोकावा यांनी सुमारे दोन मीटर लांब आणि एक मीटर रुंद कप्पा आखला. त्यात बसता येते, उभे राहता येत नाही. बूट प्रवेशापाशीच काढायचे, सामान लॉकरमध्ये, अंघोळ सामायिक न्हाणीघरात. कप्प्याच्या तोंडाशी बहुधा नुसता पडदा. ही हॉटेले सुरुवातीला पुरुषांपुरतीच होती.

मुंबईत अंधेरीला २०१७ मध्ये असे हॉटेल निघाले. रेल्वेने १७ नोव्हेंबर २०२१ रोजी मुंबई सेंट्रल स्थानकातच ‘पॉड हॉटेल’ उघडले, तेव्हा तिथे ४८ पॉड होते: ३० साधे, १० खासगी, ७ महिलांसाठी आणि एक दिव्यांगांसाठी. पॉड म्हणजे एसी डब्यातला बर्थच, फक्त तीन बाजूंनी बंद. गादी, वाचायचा दिवा, आरसा, मोबाइल चार्जिंगचा पॉइंट, छोटा टीव्ही आणि धूर ओळखणारे यंत्र, एवढा संसार त्यात मावतो. शेजारचा घोरणारा मात्र भाड्यात धरलेला नसतो. सुरुवातीचे भाडे बारा तासांना ९९९ रुपये होते, चोवीस तासांना १,९९९. पुढे २०२२ मध्ये सीएसएमटीवरही पॉड आले.

ओसाकात गरज रात्रीची होती. मुंबईत खरा उपयोग दिवसाचा, आणि बारा तासांच्या भाड्यातली मेख तीच. पवनी तालुक्यातल्या कोंढ्याचा माणूस मंत्रालयातल्या किंवा हायकोर्टातल्या कामासाठी निघाला, की भंडारा रोडला म्हणजे वरठीला विदर्भ एक्स्प्रेस पकडतो. गाडी सकाळी सीएसएमटीला उतरवते आणि परतीची संध्याकाळी तिथूनच सुटते. त्याला मुक्काम नकोच असतो. अंघोळ, बॅग ठेवायला जागा आणि दुपारी दोन तास पाठ टेकणे पुरते. तेवढ्यासाठी लॉजवाल्याला पूर्ण दिवसाचे पैसे मोजणे जिवावर येते. टाटा रुग्णालयात आजारी माणसाला घेऊन आलेल्या कुटुंबाला मात्र पॉड कामाचा नाही. वरच्या कप्प्यात शिडीने चढावे लागते आणि सोबत्याला जवळ बसता येत नाही. त्यांच्यासाठी रिटायरिंग रूम किंवा धर्मशाळाच बरी.