एक प्रश्न, एकवीस रुग्णालयं

एमएसचा रेसिडेंट बहुतेक वेळा संशोधन करतो ते परीक्षेला बसता यावं म्हणून. थिसिस तर हवाच. पुढे पदव्युत्तर नियमावलीत एक पोस्टर, परिषदेत वाचलेला एक पेपर आणि एक शोधनिबंध अशी भर पडली. हा शोधनिबंध छापून आलेला असला पाहिजे असंही नव्हतं. नुसता 'प्रकाशनासाठी पाठवला' तरी अट पुरी होत होती. इमर्जन्सी, राउंड, ड्रेसिंग आणि ओटी यांत तीन वर्षं संपतात. त्यातून वेळ काढून, आपल्याच युनिटमध्ये मिळतील तेवढे रुग्ण गोळा करून थिसिस बांधला जातो आणि कपाटात जातो. दोष त्या मुलांच्या कष्टांचा नाही, कामाच्या आखणीचा आहे.

इंग्लंडमध्येही अडचण वेगळी नव्हती. तिथला शिकाऊ सर्जन काही महिन्यांनी रुग्णालय बदलतो, त्यामुळे हाती घेतलेला अभ्यास अर्धवट राहायचा. बर्मिंगहॅमच्या आसपासच्या शिकाऊ सर्जननी यावर सरळ उपाय काढला. सगळ्यांनी मिळून एकच प्रश्न घ्यायचा. एक जण बदली होऊन गेला, तरी त्याच्या जागी येणाराही त्याच गटातला. या गटाचं नाव वेस्ट मिडलंड्स रिसर्च कोलॅबोरेटिव्ह.

त्यांनी निवडलेला प्रश्न वॉर्डातला, रोजचा होता. पोटाच्या ऑपरेशननंतर जखमेत पस होतो. तो टाळण्यासाठी जखमेच्या कडांना प्लास्टिकचं आवरण लावतात. त्याची कडी पोटाच्या आत बसते आणि प्लास्टिक कडांवर पसरतं. छोट्या अभ्यासांतून हे साधन उपयोगी वाटत होतं. 2010 ते 2012 या काळात ब्रिटनमधल्या 21 रुग्णालयांत 760 रुग्ण घेतले गेले. आवरण कोणाला लावायचं हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरायचं. नंतर जखम तपासणाऱ्याला मात्र हा रुग्ण कोणत्या गटातला हे माहीत नसायचं, म्हणजे लाली दिसली की मनातलं मत निदानात शिरायला नको. महिनाभरात आवरण लावलेल्यांपैकी 24.7 टक्के रुग्णांना संसर्ग झाला, न लावलेल्यांपैकी 25.4 टक्के. आवरणाचा उपयोग नाही! 'रॉसिनी' नावाची ही चाचणी 2013 मध्ये 'बीएमजे'त छापून आली. एकट्या रेसिडेंटला असा निकाल मिळाला असता, तर तो थिसिस फसला असं समजून गप्प बसला असता. इथे तोच निकाल विनाकारण होणारा खर्च थांबवण्याचा आधार ठरला.

रुग्णसंख्येचं महत्त्व 'चीता' चाचणीत आणखी स्पष्ट होतं. तिचा निकाल 2022 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. भारतासह सात देशांतल्या 81 रुग्णालयांत 13,301 रुग्णांवर ती झाली. पोट शिवण्याआधी हातमोजे आणि हत्यारं बदलली, तर संसर्ग 18.9 टक्क्यांवरून 16 टक्क्यांवर येतो, असं दिसलं. म्हणजे शंभरात सुमारे तीन रुग्ण संसर्गापासून वाचतात. आता साठ रुग्णांचा थिसिस घ्या. प्रत्येक गटात तीस; तिथे हा फरक एका रुग्णाएवढाही भरत नाही. रेसिडेंट कितीही प्रामाणिक असो, त्याला तो दिसणारच नाही.

इतक्या जणांनी मिळून काम केलं तर श्रेय कोणाचं, हा प्रश्न लोक काढतात, आणि तो रास्त आहे. पण अशा शोधनिबंधात सहभागी डॉक्टरांची नावं यादीत छापली जातात. गुणवत्ता यादीत आणि पदोन्नतीत त्या नावांनाही वजन मिळायला हवं.

महाराष्ट्रात असं एकत्र संशोधन करायला नवी संस्था काढायची गरज नाही. 1998 मध्ये स्थापन झालेल्या नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या छत्राखाली राज्यभरातली महाविद्यालयं आहेत, प्रत्येक ठिकाणी नैतिकता समिती आहे आणि पस आलेल्या जखमांची तर वानवा नाहीच. सिनॉप्सिस तपासणाऱ्या गाइडना कळकळीची विनंती आहे: यंदा शेजारच्या दोन महाविद्यालयांतल्या गाइडना फोन करा, एक प्रश्न आणि एकच फॉर्म ठरवा, आणि आपल्या रेसिडेंटना एकत्र कामाला लावा.