रक्ताची तपासणी आणि हाताला लागणारी गाठ



जामसंडे-देवगडच्या बाजूला मार्चपासून मेअखेरपर्यंत बाईमाणसाला मान वर करायला फुरसत नसते. बागेत झेल्याने आंबा उतरतो, पडवीत त्याची निवड होते, पेंढा घालून पेट्या भरायच्या असतात, आणि गड्यांचे चहा-जेवण वेगळेच. अशा दिवसांत न्हाताना एखादीच्या हाताला छातीत वाटाण्याएवढी गाठ लागली, तर ती काय करते? बहुधा कुणाला सांगत नाही. गाठ दुखत तर नसते. "आंबे सरले की मगे बघतंय," असे ती मनाशी म्हणते. आंबे सरतात तोवर पाऊस येतो. पावसात लावणी, लावणीनंतर गणपती. मुंबईची मंडळी येतात, चार दिवस राहतात आणि जातात. वाटाण्याची गाठ तोवर सुपारीएवढी झालेली असते.

या चालढकलीला अलीकडे आणखी एक निमित्त मिळाले आहे. "आता म्हणे नुसत्या रक्तावरून छातीचा कॅन्सर कळतो. मग डॉक्टरपुढे अंग उघडे कशाला करायचे?" ही बातमी खोटी नाही, पण ती अर्धी आहे. म्हणून ती पुरी समजून घ्यावी, यासाठी हा लेख.

रक्तात कॅन्सर दिसतो कसा?

कॅन्सरची गाठ वाढू लागली की तिच्यातल्या काही पेशी सुटून रक्तात उतरतात आणि रक्ताबरोबर अंगभर फिरतात. त्यांतल्या बहुतेक मरून जातात. एखादी हाडात, यकृतात किंवा फुप्फुसात रुजते आणि तिथे नवी गाठ धरते. ॲशवर्थ नावाच्या डॉक्टरांनी १८६९ साली ऑस्ट्रेलियात कॅन्सरने मरण पावलेल्या एका रोग्याच्या रक्तात, त्याच्या गाठीतल्या पेशींसारख्याच पेशी पाहिल्या. म्हणजे ही गोष्ट माहीत होऊन दीडशेहून जास्त वर्षे झाली. मग तिची तपासणी निघायला इतका काळ का लागला?

कारण या पेशी फार थोड्या असतात. एक मिलिलिटर रक्त म्हणजे साधारण वीस थेंब. तेवढ्यात तांबड्या पेशीच सुमारे ५०० कोटी असतात आणि पांढऱ्या पेशी ४० लाखांपासून एक कोटीपर्यंत. या गर्दीत कॅन्सरची पेशी एखादी-दुसरी असते, कधी तीही नसते. तिला वेचण्यासाठी लोहाचे अतिसूक्ष्म कण वापरतात. या कणांना असे द्रव्य लावलेले असते की ते ठरावीक पेशीलाच चिकटते. मग लोहचुंबक लावून ती पेशी बाजूला ओढून घेतात. या पद्धतीच्या एका तपासणीला अमेरिकेत २००४ साली सरकारी मान्यता मिळाली. मात्र ती होती छातीचा कॅन्सर अंगात पसरलेला आहे, हे आधीच ठाऊक असलेल्या बायकांसाठी. साडेसात मिलिलिटर रक्तात अशा पाच किंवा अधिक पेशी सापडल्या, तर रोग जास्त जोरात आहे असे डॉक्टर समजतात. धडधाकट बाईला कॅन्सर आहे की नाही, हे शोधण्यासाठी ती तपासणी नव्हती.

नाशिकची तपासणी

हे पुढचे पाऊल टाकणाऱ्यांत आपल्या नाशिकची दातार कॅन्सर जेनेटिक्स ही संस्था आहे. त्यांच्या तपासणीला नोव्हेंबर २०२१ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने आश्वासक शोध म्हणून खास दर्जा दिला. असा दर्जा म्हणजे वापराची पुरी मान्यता नव्हे. पुढची छाननी लवकर व्हावी, एवढाच त्याचा अर्थ. २०२२ साली ही तपासणी आपल्या देशात मोठ्या रुग्णालयांतून मिळू लागली. त्या वेळी तिची किंमत सहा हजार रुपये होती. संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्याच वर्षी अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात कॅन्सर असलेल्या १०० बायकांपैकी सुमारे ९२ जणींचा रोग रक्तावरून ओळखता आला, असे त्यांनी मांडले.

मराठी मुलखातून असे काम व्हावे याचा आनंद आहेच. पण व्यवहारात उतरताना तीन गोष्टी लक्षात ठेवायला हव्यात.

पहिली गोष्ट, १०० पैकी ९२ सापडल्या म्हणजे आठ जणी निसटल्या. गाठ जितकी लहान, तितक्या रक्तातल्या पेशी कमी, आणि निसटण्याचा संभव जास्त. हापूसचा साका आठवा. वरून फळ कसे सोन्यासारखे दिसते, आणि आत काय आहे ते सुरी लावल्यावरच कळते. तसा रक्ताचा रिपोर्ट चांगला आला तरी छातीतली गाठ तपासायची राहतेच.

दुसरी गोष्ट, रोग आधीच ठाऊक असलेल्या बायका आणि निरोगी बायका यांचे रक्त ताडून पाहणे वेगळे, आणि गावातल्या सगळ्या बायकांचे रक्त तपासणे वेगळे. समजा, एका गावात एक हजार बायका आहेत आणि त्यांपैकी दोघींना कॅन्सर आहे. निरोगी बाईच्या बाबतीत तपासणी शंभरात फक्त एकदा चुकते असे धरले, तरी दहा निरोगी बायकांना "कॅन्सर आहे" असा धक्का बसेल. खऱ्या रोगी दोघी आणि भ्यालेल्या दहा.

तिसरी गोष्ट सर्वांत मोठी. अशा रक्ततपासणीमुळे छातीच्या कॅन्सरने होणारे मृत्यू कमी होतात, याचा पुरावा अजून पुढे आलेला नाही. तसा पुरावा मिळायला हजारो बायकांची वर्षानुवर्षे पाहणी करावी लागते.

काही प्रयोगशाळांच्या 'पॅकेज'मध्ये कॅन्सर मार्कर म्हणून सी.ए. १५-३ ही तपासणी असते. तिच्यावरही विसंबू नका. हे द्रव्य बहुधा रोग पुढे गेल्यावरच रक्तात वाढते. सुरुवातीचा कॅन्सर शोधण्यासाठी ती तपासणी नाही.

मुंबईने वीस वर्षे केलेली पाहणी

तसा पुरावा असलेली एक साधी तपासणी मात्र आपल्याकडे आहे, आणि तो पुरावा आपल्याच मुंबईत मिळाला आहे. परळच्या टाटा रुग्णालयाच्या डॉ. इंद्रनील मित्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली एक मोठी पाहणी सुरू केली. ३५ ते ६४ वर्षांच्या सुमारे दीड लाख बायका तिच्यात घेतल्या. निम्म्या बायकांची छाती दर दोन वर्षांनी हाताने तपासली, अशा चार फेऱ्या झाल्या. निम्म्यांना फक्त माहिती दिली. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका होत्या. ना यंत्र, ना रक्त. फक्त तयार हात.

वीस वर्षांनंतरचा निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाला. ज्यांची तपासणी झाली नव्हती, त्या गटात कॅन्सर निघालेल्या १०० बायकांपैकी ४७ जणींचा रोग पुढच्या टप्प्यात गेलेला होता. तपासणी झालेल्या गटात हे प्रमाण ३७ वर आले. पन्नाशीच्या पुढच्या बायकांत छातीच्या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतल्या बायकांत मात्र मृत्यूंमध्ये असा ठळक फरक दिसला नाही, हेही सांगायला हवे.

हा आकडा लहान समजू नका. २०२२ साली आपल्या देशात सुमारे १ लाख ९२ हजार बायकांना छातीचा कॅन्सर झाल्याचा अंदाज आहे आणि सुमारे ९८ हजार जणी त्याने गेल्या. आपल्याकडे गाठ दाखवायलाच उशीर होतो, हे त्याचे एक मोठे कारण.

तुम्ही काय करायचे?

महिन्यातून एकदा, पाळी संपल्यावर चार-पाच दिवसांनी स्वतःची छाती पाहा. पाळी गेली असेल तर महिन्याची एक तारीख ठरवून घ्या. आधी आरशासमोर उभे राहून दोन्ही बाजू सारख्या आहेत का ते पाहा. मग न्हाताना साबणाच्या हाताने, मधल्या तीन बोटांच्या पेरांनी लहान लहान गोल फिरवत गळ्याच्या हाडापासून खालपर्यंत आणि काखेपर्यंत चाचपा. आपली छाती नेहमी कशी लागते हे एकदा हाताला कळले, की नवा बदल चटकन कळतो.

पुढीलपैकी काही आढळले तर थांबू नका :

छातीत किंवा काखेत गाठ, दुखत नसली तरी. स्तनाग्र नव्याने आत ओढले जाणे. स्तनाग्रातून रक्त किंवा पाणी येणे. त्यावर बरी न होणारी जखम. कातडीला खळगा पडणे, किंवा ती संत्र्याच्या सालीसारखी दिसणे.

यातल्या बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात. पण कुठली कशाची, हे घरी बसून ठरत नाही. तीस वर्षांवरील बायकांची तपासणी सरकारी आरोग्य कार्यक्रमात आहे. आशाताईंना विचारा, उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. गाठ हाताला लागतच असेल तर देवगडच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात दाखवा. बाई डॉक्टर किंवा सिस्टर समोर असाव्यात, असे सांगायला संकोच करू नका. डॉक्टर हाताने तपासतील, गरजेप्रमाणे सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी सांगतील, आणि शंका असेल तर सुईने गाठीचा बारीक तुकडा काढतील. कॅन्सर आहे की नाही, याचा निकाल तो तुकडा देतो. सुई टोचली की कॅन्सर पसरतो, हा समज खरा नाही.

गाठ लहान असताना आलात तर पुष्कळदा गाठीपुरतेच ऑपरेशन होते आणि स्तन वाचतो. खर्चाची चिंता असेल तर रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा. कॅन्सरचे उपचार त्या योजनेत आहेत.

घरच्या पुरुषांना दोन शब्द

बाई आपणहून सांगणार नाही. "दुखत नाय मां, मगे कित्याक जावचा?" असे म्हणेल. तेव्हा तुम्हीच म्हणा, की चल. पेटी एक दिवस उशिरा गेली तर भाव दोन रुपयांनी पडेल, त्याहून जास्त काही होणार नाही. आणि गाठ तुमच्या स्वतःच्या छातीत लागली तरी दाखवा. छातीचा कॅन्सर शंभरात एखाद्या वेळी पुरुषालाही होतो.

रक्ताची तपासणी उद्या अधिक पक्की होईल, स्वस्त होईल, कदाचित आपल्या आरोग्य केंद्रातही येईल. ती आली की जरूर करून घेऊ. तोवर तिची वाट पाहत गाठ वाढवू नका. आज न्हाताना पाहा, आणि काही लागले तर आंबे सरायची वाट न बघता उद्याच निघा.