साठीनंतरची चाकरी

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण मराठी घरांत बहुधा विनोदाने उच्चारली जाते. परंतु तिच्यामागची समजूत विनोदाची नाही. मनुष्य साठीला आला की त्याच्या हातचे काम काढून घ्यावे, असा तिचा व्यवहारातील अर्थ होय. जपानात वयाच्या साठ वर्षांच्या पूर्तीस 'कान्रेकी' म्हणतात. महाराष्ट्रातील पंचांगात प्रभवापासून क्षयापर्यंत साठ संवत्सरांचे चक्र आहे. तसेच साठ वर्षांचे चक्र तेथील जुन्या कालगणनेतही आहे. ते पुरे झाले म्हणजे मनुष्य पुन्हा जन्मास आला असे मानून त्यास लहान मुलासारखी तांबडी बंडी घालतात. मौज अशी की, ज्या वयास हा नवा जन्म साजरा होतो, त्याच वयास तेथील बहुतेक कंपन्यांतील कायम नोकरी संपते. अशा माणसांचे पुढे काय करावयाचे, हा प्रश्न जपान गेली पन्नास वर्षे सोडवीत आहे.

प्रश्नाचे मूळ लोकसंख्येत आहे. पंधरा ते चौसष्ट या वयाच्या लोकांची संख्या जपानात १९९५ साली सुमारे ८ कोटी ७० लाख होती. २०२३ साली ती सुमारे ७ कोटी ४० लाखांवर आली. त्याच वर्षी पासष्ट वर्षांवरील लोक एकंदर लोकसंख्येत शेकडा २९ झाले. साहजिकच वृद्धांस कामावर ठेवणे ही तेथे दयेची बाब न राहता गरजेची बाब झाली. २०२३ साली पासष्ट वर्षांवरील ९१ लाख ४० हजार लोक तेथे काम करीत होते. म्हणजे त्या वयाच्या दर चारांपैकी एक.

मग ठरावीक वयास निवृत्त करण्याची चाल पडलीच कशी? तिचे कारण वेतनाच्या रचनेत सापडते. जपानी तरुण शिक्षण संपवून थेट एखाद्या कंपनीत शिरतो. आरंभी त्यास कामाच्या मानाने थोडा पगार मिळतो. तो वर्षागणिक चढत जातो आणि पन्नाशीच्या सुमारास कामाच्या मानाने अधिक होतो. तारुण्यात ठेवलेली ठेव जणू तो उतारवयात व्याजासह परत घेतो. ही परतफेड कोठेतरी थांबली पाहिजे, म्हणून निवृत्तीची तारीख. तेव्हा साठीला संपते ती माणसाची कर्तबगारी नव्हे. संपतो तो वेतनाचा एक करार.

कायद्याने ही तारीख हळूहळू पुढे ढकलली. पूर्वी पंचावन्नाव्या वर्षी निवृत्त करण्याचा प्रघात होता. १९८६ च्या कायद्याने साठ वर्षांपर्यंत ठेवण्याचा प्रयत्न करावा असे सांगितले. १९९८ पासून साठीच्या आत निवृत्त करण्यास बंदी झाली. पुढे निवृत्तिवेतन मिळण्याचे वय पासष्टाकडे सरकू लागले, तेव्हा मधल्या पाच वर्षांत खावे काय, असा पेच पडला. म्हणून २००६ पासून मालकांवर तीन वाटांपैकी एक धरण्याची सक्ती आली : निवृत्तीचे वय वाढवावे, ते अजिबात काढून टाकावे, अथवा निवृत्त नोकरास पुढे कामावर ठेवण्याची सोय करावी. २०२१ पासून सत्तर वर्षांपर्यंत काम देण्याचा प्रयत्न करावा, असेही कायदा सांगतो.

यांपैकी सुमारे शेकडा ७० मालकांनी तिसरी वाट पत्करली, कारण तीच त्यांस स्वस्त पडते. नोकर साठीला निवृत्त होतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच दारातून, बहुधा एका वर्षाच्या करारावर आणि कमी पगारावर, आत येतो. एका वाहतूक कंपनीतील तीन मोटारचालकांनी याविरुद्ध दाद मागितली. काम तेच, जबाबदारी तीच, आणि वार्षिक वेतन मात्र सुमारे शेकडा २० ने कमी! खालच्या न्यायालयाने २०१६ साली त्यांची बाजू उचलून धरली. वरच्या न्यायालयाने ती फिरविली. अखेर जून २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, निवृत्तीनंतरची नेमणूक ही गोष्ट विचारात घेता ही तफावत बहुतांशी अवाजवी नाही. मात्र एकही दिवस न चुकविता कामावर येण्याबद्दलचा भत्ता या चालकांनाही मिळाला पाहिजे. कायदा माणसास कामावर ठेवू शकतो. त्याच्या कामाची किंमत ठरविणे किती अवघड आहे, हे या खटल्याने दाखविले.

दुसरी अडचण शरीराची. कामावर दुखापत होऊन चार दिवस वा अधिक घरी बसावे लागलेल्या लोकांत साठ वर्षांवरील लोक जपानात २०२३ साली सुमारे शेकडा २९ होते. एकंदर नोकरांत मात्र त्यांचे प्रमाण सुमारे १९ होते. निसरडी फरशी, अंधारा जिना, बारीक अक्षरांची सूचना या तरुणास क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टी वृद्धास धोक्याच्या ठरतात.

परंतु हा दोष वयाचा की कामाच्या जागेचा? याचे बोलके उत्तर जपानप्रमाणेच वृद्ध होत चाललेल्या जर्मनीत मिळाले. बव्हेरियातील डिंगोल्फिंग येथील बीएमडब्ल्यूच्या मोटारींच्या कारखान्यात २००७ साली एका जुळणी विभागात मुद्दाम असे कामगार नेमले की त्यांचे सरासरी वय सत्तेचाळीस व्हावे. दहा वर्षांनी साऱ्या कारखान्याचे सरासरी वय तेवढेच होणार होते. काय खुपते, हे त्या कामगारांनाच विचारले. त्यांच्या सांगण्यावरून लाकडी तक्तपोशी, न्हाव्याच्या दुकानातल्यासारख्या खुर्च्या, भिंगे, पडद्यावर मोठी अक्षरे, कामांची आळीपाळी असे सुमारे सत्तर लहान बदल केले. सारा खर्च सुमारे ४०,००० युरो आला, आणि एका वर्षात त्या विभागाची उत्पादकता शेकडा ७ ने वाढली.

ज्यांस पूर्ण वेळ चाकरी नको, त्यांच्यासाठी जपानात आणखी एक व्यवस्था आहे. १९७५ साली टोकियोच्या एदोगावा भागात वृद्धांची एक संस्था निघाली. तिच्याच धर्तीवर पुढे देशभर 'रुपेरी मनुष्यबळ केंद्रे' उभी राहिली आणि त्यांचे सभासद सुमारे सात लाख झाले. बागेतील झाडांची छाटणी, सायकलींच्या तळाची देखरेख, कागदी दारे नव्याने मढविणे अशी कामे केंद्र मिळविते आणि सभासदांत वाटून देते. महिन्यातून सुमारे दहा दिवस काम, हा तेथील बेत. मात्र ही नोकरी नसल्यामुळे नोकरास मिळणारे कायद्याचे संरक्षण सभासदास लाभत नाही, ही तिची उणी बाजू.

म्हातारे खुर्ची अडवून बसले तर तरुणांनी जावे कोठे, असा आक्षेप यावर येतो. आणि जेथे तरुण पुष्कळ व नोकऱ्या थोड्या, अशा भारतासारख्या देशात तो सहजी उडवून लावता येणार नाही. तथापि खुर्ची आणि काम या दोन वस्तू निराळ्या आहेत. कित्येक जपानी कंपन्यांत पंचावन्नाच्या सुमारास विभागप्रमुख आपला अधिकार तरुणाकडे सोपवितो आणि स्वतः कामावर राहतो. अधिकार सोडणे जिवावर येते, हे खरे. परंतु त्यामुळे तरुणास जागा मिळते आणि अनुभवही घराबाहेर जात नाही. वृद्धास कामावर ठेवू इच्छिणाऱ्याने म्हणूनच प्रथम जन्मतारखेचा दाखला बाजूस ठेवावा. त्या माणसास कोणते काम उत्तम येते, ते करताना त्यास काय खुपते आणि त्या कामाचे रास्त मोल काय, या तीन गोष्टी त्याच्याजवळ बसून विचाराव्यात.