समोशाच्या पाटीशेजारी फीतही हवी

जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या एम्समुळे समोसा आणि जिलेबी देशभर गाजली. पदार्थांत तेल-साखर किती, हे सांगणाऱ्या पाट्या उपाहारगृहापाशी लागणार, अशी ती बातमी. खाद्यपदार्थांवर इशारा छापण्याचा हा आदेश नाही, असा खुलासा केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला पुढे करावा लागला. पाट्या जरूर लावाव्यात. पण शेजारी कंबर मोजायची फीतही टांगा, असं मी आग्रहाने म्हणेन.

त्याच वर्षाअखेरीस जर्मनीतल्या हॅम्बुर्गचा एक अभ्यास जाहीर झाला. दोन हजारांहून अधिक प्रौढांच्या हृदयाचे एमआरआय तपासले, तेव्हा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) जास्त असलेल्यांत हृदयाचे कप्पे मोठे दिसले. चरबी पोटाभोवती साठलेल्यांत मात्र, विशेषतः पुरुषांत, स्नायूची भिंत जाड आणि कप्पा लहान! खोलीला आतून गिलाव्यावर गिलावा चढवत गेलं, तर बाहेरून घर तेवढंच राहतं, आतली जागा आखडते, तसंच हे. शिवाय जाड भिंत ताठर होते, दोन ठोक्यांमध्ये पुरती सैलावत नाही, रक्त नीट भरून घेत नाही. आकुंचन मात्र ठीक असतं. म्हणून टूडी इकोत ‘ईएफ ६० टक्के’, म्हणजे आकुंचन ठीक, असं वाचून माणूस निर्धास्त होतो आणि जिना चढताना दम लागतच राहतो.

हे का घडत असावं? आतड्यांभोवतीच्या चरबीतलं रक्त थेट यकृताकडे जातं. यकृतात मेद साठतो, इन्सुलिन चढतं, मूत्रपिंडं मीठ धरून ठेवतात, रक्तदाब वाढतो. त्या दाबाविरुद्ध रक्त ढकलता ढकलता स्नायू जाडावतो. हॅम्बुर्गचा अभ्यास एका वेळचं चित्र आहे. त्यातून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही. पोट घटवणाऱ्या पट्ट्यांच्या जाहिरातींना त्याचा आधार मिळत नाही.

चरबी किती, यापेक्षा ती कुठे हे महत्त्वाचं, असं फ्रान्समधल्या मार्सेयचे डॉक्टर झाँ व्हाग यांनी १९४७ मध्येच लिहिलं होतं. त्याकडे तेव्हा फारसं कुणी लक्ष दिलं नाही. आपल्यासाठी त्याहून जवळचं काम पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं. २००४ मध्ये त्यांनी आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच फोटो छापले. दोघांचा बीएमआय २२.३. याज्ञिकांच्या अंगात चरबी २१.२ टक्के, युडकिनांच्या ९.१! किती सुरेख पुरावा! त्याआधी याज्ञिकांच्या गटाने पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळंही मोजली होती. वजनात ती इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा बरीच कमी, पण पाठीच्या कातडीखालची चरबी जवळजवळ तेवढीच. हे शाळेच्या पुस्तकात यायला हवं.

सडपातळ हातापायांचा, पोट तेवढं सुटलेला माणूस आपल्या प्रत्येक घरात आहे. वजनकाटा त्याला सावध करत नाही. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून, फीत लावा. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या वर घेर गेला असेल, तर वजन कितीही असो, रक्तदाब आणि साखर तपासून घ्या.