नावांची झाली प्रश्नचिन्हं : डेटाबेस इम्पोर्ट करताना येणाऱ्या अडचणी आणि त्यावरचे उपाय



आपल्या मंडळींत कोणी कुळाची वंशावळ लिहून ठेवतं, कोणी सिनेगॉगच्या सभासदांची यादी, तर कोणी कबरस्तानातल्या दगडांवरची नावं आणि कद्दिशच्या तारखा. पूर्वी हे सारं जाड वह्यांत असायचं. आता ते संगणकावरच्या डेटाबेसमध्ये जातं. अशीच एक यादी आम्ही एका होस्टिंग कंपनीच्या सर्व्हरवरून दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर हलवली. त्या वेळी वाटेत जे काही भेटलं, ते इथे सांगतो. नातवंडांना ते कामाला येईल आणि आजी-आजोबांनाही त्यात काम आहे, कसं ते पुढे कळेलच.

डेटाबेस म्हणजे एक कपाट समजा. कपाटात वह्या असतात, त्यांना टेबल म्हणतात. वहीत ओळी आणि रकाने असतात. एक ओळ म्हणजे एक माणूस. मायएसक्यूएल हे अशाच कपाटाचं नाव. हे कपाट ब्राउझरमधून उघडायची खिडकी म्हणजे पीएचपीमायअ‍ॅडमिन. ती १९९८ सालापासून आहे आणि बहुतेक होस्टिंग कंपन्या ती फुकट देतात. जुन्या कपाटातून सगळं एका फाइलमध्ये काढणं म्हणजे एक्सपोर्ट आणि ती फाइल नव्या कपाटात रिकामी करणं म्हणजे इम्पोर्ट. एक्सपोर्ट सहसा सुरळीत होतो, रडवतो तो इम्पोर्ट.

सुरुवातीला दोन नियम

पहिला नियम : मूळ फाइलची एक प्रत बाजूला ठेवा आणि तिला हात लावू नका. जे काय करायचं ते दुसऱ्या प्रतीवर, आणि तेही आधी एका रिकाम्या, चाचणीच्या डेटाबेसमध्ये.

दुसरा नियम : लाल चौकट आली की घाबरून बंद करू नका, वाचा. त्यात चुकीचा आकडा असतो आणि कुठल्या वाक्यापाशी गाडी अडली तेही असतं. तो आकडा कागदावर लिहून घ्या, अर्धा उपाय तिथेच सापडतो.

फाइल आतच जात नाही

पीएचपीमध्ये फाइल चढवण्याची मूळ मर्यादा २ मेगाबाइट असते. आपली मर्यादा किती, ते इम्पोर्टच्या पानावरच लिहिलेलं असतं. फाइल त्याहून मोठी असेल तर झिप करा. नाव मात्र 'यादी.एसक्यूएल.झिप' अशा धर्तीचं, म्हणजे दोन्ही शेपट्यांसकट हवं. नुसत्या अक्षरांची फाइल झिप केल्यावर खूपच लहान होते. तरीही मोठीच राहिली तर एकेक टेबल वेगळं एक्सपोर्ट करा.

कधी कधी काम अर्ध्यावर थांबतं, कारण सर्व्हर ठराविक वेळच धीर धरतो. अशा वेळी इम्पोर्टच्या पानावर 'पार्शल इम्पोर्ट'चा भाग बघा. वेळ संपत आली की थांबायची परवानगी तिथे देता येते आणि मग राहिलेल्या जागेपासून पुढे जाता येतं.

छोट्या अडचणी

आकडा १०४६ म्हणजे डेटाबेस निवडलेलाच नाही. डावीकडच्या यादीत नावावर क्लिक करून मग इम्पोर्ट करा. १०५० म्हणजे त्या नावाचं टेबल तिथे आधीच आहे, बहुधा मागच्या अर्धवट प्रयत्नातलं. चाचणीच्या डेटाबेसमधलं ते टेबल काढून टाका आणि पुन्हा सुरू करा.

१२७३ म्हणजे 'अननोन कोलेशन'. कोलेशन म्हणजे अक्षरांचा क्रम लावायचा नियम. २०१८ साली आलेल्या मायएसक्यूएल ८.० मध्ये एक नवा नियम आहे, त्याच्या नावात ०९०० हा आकडा असतो. जुन्या सर्व्हरला तो ठाऊक नसतो. फाइलची प्रत साध्या एडिटरमध्ये उघडा आणि त्या नावाच्या जागी सगळीकडे 'यूटीएफ८एमबी४_युनिकोड_सीआय' घाला. 'लॅटिन१' मात्र चुकूनही घालू नका. का, ते आता बघू.

प्रश्नचिन्हं

खरी काळजी लाल चौकटीची नाहीच. लाल चौकट म्हणजे सर्व्हर सरळ 'नाही' म्हणतो. काळजी तेव्हा, जेव्हा हिरवी चौकट येते, सगळं पार पडलं म्हणून सांगते, आणि यादी उघडून बघावं तर 'पेणकर'च्या जागी पाच प्रश्नचिन्हं! आपली आडनावं म्हणजे आपला पत्ता. पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, किहीमचे किहीमकर. नाव पुसलं की गावही पुसलं.

संगणक अक्षरं आकड्यांत ठेवतो. यूटीएफ-८ या पद्धतीत एका हिब्रू अक्षराला २ बाइट लागतात आणि एका देवनागरी चिन्हाला ३. 'लॅटिन१' पद्धतीत प्रत्येक अक्षराला १ बाइट एवढीच जागा आणि आपल्या अक्षरांना तिथे स्थानच नाही. मग त्यांच्या जागी प्रश्नचिन्ह बसतं आणि मूळ अक्षर कायमचं जातं. म्हणून तर पहिला नियम मूळ फाइल जपायचा.

मुलांनो, एक गंमत बघा. कधी प्रश्नचिन्हं न येता विचित्र अक्षरं दिसतात. सगळीकडे डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी 'ए' पुन्हा पुन्हा आला, तर तिथे मुळात मराठी होतं. गुणाकाराची फुली पुन्हा पुन्हा आली, तर तिथे हिब्रू होतं. असं दिसलं तर हुश्श म्हणा, कारण मजकूर बहुधा शाबूत असतो, फक्त चुकीच्या चष्म्यातून वाचला जातोय. इम्पोर्टच्या पानावर फाइलचा 'कॅरेक्टर सेट' यूटीएफ-८ निवडा, टेबलं यूटीएफ८एमबी४ ची आहेत ना ते पाहा, आणि पुन्हा इम्पोर्ट करा.

यादी एक्सेलमधून आली असेल आणि हिब्रू रकाना ठीक पण मराठी रकान्यात प्रश्नचिन्हं असतील, तर सर्व्हरला दोष देऊ नका. साधी सीएसव्ही फाइल साठवताना हिब्रू विंडोजवर हिब्रू टिकतं, मराठी तिथेच मरतं. एक्सेल २०१६ पासून 'सीएसव्ही यूटीएफ-८' असा वेगळा पर्याय मिळतो, तो निवडा. फाइल आधी नोटपॅडमध्ये उघडून बघितली तर अर्धा दिवस वाचतो.

शिवाजी किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर असेल, तर मात्र आत मुळात इंग्रजी अक्षरंच असतात, फाँट त्यांना मराठी रूप देतो. तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो. इम्पोर्टने तो सुधारत नाही.

एका चिमुकल्या टिंबाचा घोटाळा

हिब्रूत 'च' आणि 'ज' लिहायला अक्षरापुढे एक छोटी खूण देतात, तिला गेरेश म्हणतात. कीबोर्डवर आपण तिथे सरळ एकेरी अवतरणचिन्ह ठोकतो. पण एसक्यूएलमध्ये नाव जिथे संपतं तिथेही तीच खूण असते. हाताने लिहिलेल्या फाइलमध्ये पेणकर बिनबोभाट आत जातात आणि चेऊलकर दारात अडकतात! आकडा येतो १०६४, म्हणजे व्याकरणाची चूक. उपाय सोपा आहे : नावातली खूण दोनदा लिहा.

हिब्रू तारखांचं तेच. तारीख असो वा वर्ष, शेवटच्या अक्षराआधी गेर्शायीम येतं आणि आपण तिथे दुहेरी अवतरणचिन्ह टाइप करतो. सीएसव्ही फाइलमध्ये त्याच चिन्हाने रकाना बंद होतो. मग रकाने जुळत नाहीत आणि अमुक ओळीत रकान्यांची संख्या चुकली, अशी तक्रार येते. तिथेही चिन्ह दोनदा लिहायचं, नाहीतर खरं गेर्शायीम वापरायचं.

ज्यांची जन्मतारीख ठाऊक नाही

हा प्रश्न आपल्याकडे घरोघरी आहे. कोकणातल्या खेड्यात जन्मलेल्या कितीतरी आजी-आजोबांची तारीख कोणी लिहून ठेवली नाही. 'मोठ्या पावसाच्या साली' किंवा 'सुकोथच्या आसपास' एवढंच ठाऊक. जुन्या याद्यांत अशांच्या पुढे सगळी शून्यं, किंवा साल लिहून दिवस-महिन्याला शून्यं, असं भरलेलं असतं. २०१५ साली आलेल्या मायएसक्यूएल ५.७ पासून सर्व्हर मुळातच कडक झाला, अशी तारीख तो घेत नाही. आकडा येतो १२९२.

झटपट उपाय म्हणून बरेच जण शून्यांच्या जागी १ जानेवारी घालतात. कृपा करून असं करू नका. सर्व्हर गप्प बसेल, पण पन्नास वर्षांनी पणतवंडं तीच तारीख खरी मानतील. तारखेचा रकाना रिकामा ठेवायची परवानगी द्या, त्याला 'नल' म्हणतात. शेजारी एक साधा रकाना काढून त्यात 'साल १९३१, पावसाळा' असं जसं ठाऊक आहे तसं लिहा.

एकाच नावाची दोन माणसं

१०६२ म्हणजे 'डुप्लिकेट एन्ट्री'. आपल्यात आजोबांचं नाव नातवाला, त्यामुळे एका घरात दोन मोझेस असणारच. ज्याने नाव हीच ओळख ठरवली, त्याच्या यादीत दुसरा मोझेस शिरत नाही. दुबार ओळी गाळायचा पर्यायही इम्पोर्टमध्ये असतो, पण तो वापरला तर एक खरा माणूस गळतो. प्रत्येकाला वेगळा क्रमांक द्या आणि तोच ओळखीचा धरा.

हिरवी चौकट आल्यावर

जुन्या आणि नव्या टेबलातल्या ओळी मोजा. यादीतल्या आकड्यापुढे नागमोडी रेघ असेल तर तो अंदाज असतो, खरी मोजणी 'काउंट'ने करा. मग प्रत्येक टेबलातली काही नावं उघडा, विशेषतः च-ज वाली आणि जोडाक्षरांची.

आणि हे काम एकट्याने होत नाही. नातवाला लाल चौकट वाचता येते, पण मराठी नाव बरोबर आहे की काना-वेलांटी गळली, हे त्याला सांगता येत नाही. आजीला चौकट कळत नाही, पण चुकलेलं नाव ती एका नजरेत पकडते. म्हणून दोघांनी शेजारी बसायचं : एकाने माउस धरायचा, दुसरीने नावं मोठ्याने वाचायची. वाचता वाचता आजी, 'अरे, हा तर आमच्या मावशीचा दीर,' असं म्हणेल. तेही शेजारच्या रकान्यात लिहून घ्या, कारण ते कुठल्याच फाइलमध्ये नाही.

जुनी वही मात्र फेकू नका. तिला इम्पोर्ट लागत नाही.